दोघांच्या मध्ये

वर्तमानपत्र हाती आले की मी प्रथम व्यंगचित्र पाहतो आणि मग अग्रलेखाकडे वळतो. धर्मगुरूने जगाची खबर अशा थट्टेच्या वाटेने घ्यावी, हे आमच्या धर्मग्रामातील काही ज्येष्ठ मंडळींना रुचत नाही. ‘फादर, तुम्ही आधी चित्रे पाहता?’ असे एका आजोबांनी मला किंचित खेदाने विचारलेही होते. त्यांना मी एवढेच म्हटले की, अग्रलेख लिहिणाऱ्याला हजार शब्दांत जे झाकता येते ते व्यंगचित्रकाराला चार रेषांत झाकता येत नाही. त्याच्यापाशी तेवढी जागाच नसते. दोन राष्ट्रांमध्ये मैत्रीचा करार झाला की निवेदने निघतात, हस्तांदोलनाची छायाचित्रे छापून येतात, परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर वगैरे गोंडस शब्द कानी पडतात. चांगला व्यंगचित्रकार त्या जुळलेल्या हातांच्या थोडे खाली पाहतो. तिथे कोण पडले आहे, हे त्याला दाखवायचे असते.

ही नजर मला लाभली ती सेमिनरीत इतिहास शिकविणाऱ्या आमच्या प्राध्यापकांमुळे. ते एक वृद्ध येशूसंघीय धर्मगुरू होते. १९८९ साली, बर्लिनची भिंत कोसळल्याच्या बातम्या ताज्या असताना, त्यांनी एका जाडजूड इंग्रजी ग्रंथातील एक व्यंगचित्र वर्गात फिरविले. हिटलर आणि स्टॅलिन यांचा तो नाटकी आविर्भाव पाहून आम्ही मनमुराद हसलो. त्यांनी आमचे हसणे संपू दिले आणि मग म्हणाले, ‘ह्या दोघांविषयी तुम्ही परीक्षेत लिहालच. मला तिसऱ्याविषयी सांगा.’

ते चित्र डेव्हिड लो यांचे होते. लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या सायंदैनिकात २० सप्टेंबर १९३९ रोजी ते प्रसिद्ध झाले. आकाश काळवंडलेले, भोवती उद्ध्वस्त मुलूख. डावीकडे हिटलर, उजवीकडे स्टॅलिन. दोघांनीही टोप्या उंचावल्या आहेत आणि जुन्या दरबारी थाटात कमरेत वाकून ते एकमेकांना अभिवादन करीत आहेत. तोंडाने काय म्हणताहेत? तर वर्षानुवर्षे आपापल्या सभांतून एकमेकांना ज्या शिव्या घातल्या, त्याच आता ओळख करून घेण्याच्या अदबशीर स्वरात उच्चारताहेत. एकाने दुसऱ्याला पृथ्वीवरचा गाळ म्हणावे, दुसऱ्याने पहिल्याला कामगारांचा खुनी म्हणावे, आणि दोन्हींच्या शेवटी ‘आपण तेच ना?’ असा लाघवी प्रश्न असावा! आफ्रिकेच्या अंतर्भागात १८७१ साली स्टॅनले हा वार्ताहर लिव्हिंग्स्टनसमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याने काढलेला उद्गार प्रत्येक इंग्रज शाळकरी मुलाला पाठ होता. लोने तीच सभ्यतेची ढब ह्या दोघांच्या तोंडी घातली. भेटीची जागा मात्र एका प्रेताच्या दोन बाजू. दोघांच्या मध्ये एक माणूस मरून पडला आहे. तो पोलंड.

त्या प्रेताचा हिशोब तारखांनीच मांडावा लागतो. २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोमध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांचा अनाक्रमणाचा करार झाला. रिबेनट्रॉप आणि मोलोटोव्ह या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावर सह्या केल्या. कराराला एक गुप्त परिशिष्ट जोडलेले होते, आणि त्यात पोलंडचे दोन तुकडे कोठून पाडायचे ती रेषा ठरलेली होती. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून घुसल्या. १७ सप्टेंबरला लाल सेना पूर्वेकडून आली. लोचे चित्र त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी छापले गेले. गुप्त परिशिष्ट त्याने पाहिले नव्हते, त्याची प्रत लंडनमध्ये कोणाच्या हाती असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन पाहुणे एकाच घरात दोन दारांनी शिरले, तर आधी बोलणे झालेले असणार, एवढे ओळखायला कागद लागत नाही.

लोविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हा मूळचा न्यूझीलंडचा, ड्युनेडिन शहरी १८९१ साली जन्मलेला. १९१९ साली तो लंडनला आला आणि १९२७ पासून लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चित्रे काढू लागला. मालकाची राजकीय मते एका टोकाची आणि ह्याची दुसऱ्या टोकाची. पण आपल्या चित्रांत कोणी ढवळाढवळ करायची नाही, ही अट त्याने आधीच मान्य करून घेतली होती आणि मालकाने ती बहुतांशी पाळली. हिटलरने जर्मनीत ह्या पत्रावर बंदी घातली. १९३७ साली लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले, तेव्हा लोच्या चित्रांमुळे तिकडच्या पुढाऱ्यांचा किती संताप होतो हे ऐकूनच परतले. दोन देशांतील शांतता एका चित्रकारामुळे धोक्यात येते आहे, अशा आशयाची गाऱ्हाणी त्याच्या कानी घालण्यात आली. लोने काही काळ हात आवरता घेतला, म्हणजे काय केले, तर हिटलर आणि मुसोलिनी यांचे मिश्रण करून ‘मझ्लर’ नावाचे एक पात्र काढले! मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि तेवढाही पडदा गळून पडला. हुकूमशहाला रक्तपिपासू राक्षस म्हणून रंगविले तर त्याला वाईट वाटत नाही, उलट त्याची प्रतिष्ठाच वाढते. तो गाढव आहे असे दाखविले की मात्र झोंबते, असे लोचे मत होते. ते मत किती नेमके होते, हे पुढे उघड झाले. इंग्लंड जिंकल्यावर कोणाकोणाला पकडायचे याची नाझी गुप्तहेरांनी जी यादी तयार केली होती, तीत लोचे नाव होते.

आपल्या मुंबईतही लोचे चाहते थोडेथोडके नव्हते. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये एके काळी सहकारी असलेले आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोघेही लोला मानत. त्यांपैकी एकाचा ‘कॉमन मॅन’ घरोघरी पोहोचला, आणि दुसऱ्याने १९६० साली ‘मार्मिक’ काढले. त्यापुढील कथा वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मण यांचा तो चौकड्यांचा कोट घातलेला माणूस एक शब्द बोलत नाही, नुसता एका कडेला उभा राहून पाहतो. तोही एक तिसराच.

प्राध्यापकांच्या त्या प्रश्नानंतर मला सवयच लागली. राष्ट्राराष्ट्रांच्या दोस्तीवरचे वा दुश्मनीवरचे जुने व्यंगचित्र दिसले की त्यातला तिसरा शोधायचा. तो नेहमी सापडतो असे नाही. जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराचे १८०५ सालचे एक विख्यात चित्र आहे. पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एका मेजाशी समोरासमोर बसले आहेत, आणि मध्ये पृथ्वीच्या गोलाएवढे पुडिंग वाफाळते आहे. नेपोलियन युरोपचा लचका कापून घेतो आहे आणि पिट समुद्राचा. हे दोघे वैरी आहेत, पण मेज एकच आहे आणि जेवणही एकच. ज्याला कापले जात आहे त्याला इथे तोंडच नाही, तो केवळ पदार्थ आहे. राजकारणातील वैर आणि राजकारणातील मैत्री यांत ताटावर पडलेल्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, हे गिलरेने नकळत सांगून टाकले असे मला वाटते. नकळत म्हणायचे कारण असे की, त्याचा सारा रोख नेपोलियनवर होता. ताटाची कणव त्याला आली असेल असे चित्र पाहून वाटत नाही.

‘पंच’ या साप्ताहिकातील टेनिएलचे ३० नोव्हेंबर १८७८ चे चित्र आपल्या भूगोलाच्या अधिक जवळचे आहे. अफगाणिस्तानचा अमीर शेर अली मध्ये उभा आहे. एका बाजूला रशियाचे अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा सिंह. दोघेही त्याच्याकडे स्नेहाने पाहताहेत, आणि ह्या मित्रांपासून मला वाचवा असे तो बिचारा म्हणतो आहे. इथे तिसऱ्याला चेहरा आहे, वाचाही आहे. चित्र छापले गेले त्याआधी नऊच दिवस ब्रिटिश फौजांनी अफगाणिस्तानवर चाल केली होती, आणि ह्या फौजांत आपले हिंदी शिपाई होते. शेर अलीने काबूल सोडले, रशियाकडे मदतीची याचना केली, ती मिळाली नाही, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मजार-ए-शरीफ येथे तो मरण पावला. चित्र निघाले तेव्हापासून तीन महिनेही झाले नव्हते. १८९८ सालच्या एका फ्रेंच चित्रात तर चीन नावाचा केक मेजावर ठेवून व्हिक्टोरिया राणी, जर्मन कैसर, रशियाचा झार आणि जपानचा सामुराई बसले आहेत, फ्रान्सची देवी मागे उभी आहे, आणि सर्वांच्या पाठीमागे एक चिनी अधिकारी दोन्ही हात वर करून आकांत करतो आहे. एकाचेही लक्ष त्याच्याकडे नाही.

आणि कधी कधी तिसरा खोलीतही नसतो. म्युनिक येथे सप्टेंबर १९३८ मध्ये चेंबरलेन, दलादिये, हिटलर आणि मुसोलिनी यांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकला. त्यावर लोने जे चित्र काढले त्यात चौघे खुर्च्यांवर बसले आहेत, आणि दारातून आत आलेला स्टॅलिन विचारतो आहे की, मला खुर्ची का नाही? चित्र चतुर आहे, आणि पुढल्याच वर्षी स्टॅलिनने स्वतःसाठी खुर्ची कशी मिळविली ते पाहता भविष्य सांगणारेही आहे. परंतु खुर्चीची तक्रार स्टॅलिनच्या तोंडी आहे. ज्यांचा देश कापला जात होता त्या चेक प्रतिनिधींना त्या बैठकीत प्रत्यक्षातही बसू दिले नव्हते. निर्णय झाल्यावर त्यांना तो कळविण्यात आला.

झावळ्यांच्या रविवारी, लूकच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत ज्या वर्षी वाचला जातो त्या वर्षी, मी एका वाक्यापाशी दरवेळी अडखळतो. ते इतरांच्या शुभवर्तमानांत नाही. पिलाताने येशूला हेरोदाकडे पाठविले, हेरोदाने त्याची थट्टा करून, अंगावर झगझगीत वस्त्र घालून त्याला परत धाडले, आणि लूक जाता जाता नमूद करतो की, हे दोघे त्याआधी वैरी होते, ते त्या दिवशी मित्र झाले. एवढेच. लूक त्यावर टीका करीत नाही. पण रोमचा सुभेदार आणि गालीलचा मांडलिक यांच्यातील हा राजनैतिक सलोखा ज्याच्या देहावरून पार पडला, तो त्या दोघांच्या मध्ये मूक उभा आहे. मला त्या वाक्यात लोच्या चित्राचा सांगाडा दिसतो. फरक इतकाच की, लोच्या चित्रातील तिसरा आडवा पडला आहे.

प्राध्यापकांनी ‘तिसऱ्याविषयी सांगा’ म्हटले तेव्हा आम्ही पोलंडच्या पराभवाविषयी, विभागणीविषयी, वॉर्साच्या पाडावाविषयी जे वाचले होते ते सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘तो मेलेला माणूस उठून कोल्हापूरला आला होता.’ वर्गात कोणालाच काही उमगेना. मग त्यांनी जे सांगितले ते त्यानंतर मी अनेक ठिकाणी वाचले, पडताळून पाहिले, आणि आजही ते मला एखाद्या कथेसारखेच वाटते.

पूर्व पोलंड स्टॅलिनच्या वाट्याला आल्यावर तिथल्या कुटुंबांना घराबाहेर काढण्याचे काम फेब्रुवारी १९४० मध्ये, कडाक्याच्या थंडीत, सुरू झाले. जून १९४१ पर्यंत चार मोठ्या खेपा झाल्या. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, त्यांची लेकरे, म्हातारेकोतारे, अशा लाखो माणसांना गुरांच्या वाघिणींत कोंबून अर्खांगेल्स्ककडे, सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन सोडले. लाकूडतोडीच्या छावण्या, उपासमार, विषमज्वर. मग २२ जून १९४१ रोजी हिटलरने आपल्या ह्या मित्रावरच चाल केली. करारावरची शाई वाळून दोन वर्षेही झाली नव्हती. लोने ऑक्टोबर १९३९ मध्येच हे दोघे गळ्यात गळा घालून फिरायला निघाल्याचे, त्यांचे पाय एकमेकांना बांधलेले असल्याचे आणि दोघांचेही पाठीमागचे हात पिस्तुलांवर असल्याचे दाखविले होते. स्टॅलिनला आता नवे मित्र हवे होते, आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारशी जुलै १९४१ मध्ये त्याने समझोता केला. ज्यांना गुन्हा न करता हद्दपार केले होते त्यांना ‘माफी’ देण्यात आली. जनरल आंडर्स यांच्या सेनेबरोबर हजारो स्त्रिया आणि मुले १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्यावर उतरली. तिथून त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत. सातशेहून अधिक मुले १९४४ साली लोच्या मायदेशी, न्यूझीलंडला पोहोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो अनाथ मुलांना आसरा दिला. आणि भारतातील सर्वांत मोठी वस्ती उभी राहिली ती कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे या गावी.

१९४३ ते १९४८ ही पाच वर्षे सुमारे पाच हजार पोलिश माणसे वळिवड्याला राहिली. बहुतेक बायका आणि मुले, कारण पुरुष एकतर सैन्यात होते किंवा सायबेरियाच्या मातीत. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, इस्पितळ, नाटकघर, बालवीरांची पथके, आणि अर्थात चर्च. आपल्याकडच्या उन्हात पोलिश नाताळगीते गाइली गेली. मुली ऊस खायला शिकल्या, बायका बाजारात भावतोल करण्याइतके मराठी बोलू लागल्या. एक तरुणी तर एका मराठी कुटुंबात सून होऊन कोल्हापुरातच राहिली. सायबेरियातून आलेल्या ह्या लोकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तिकडे ज्यांनी त्यांना भाकरीचा तुकडा वाटून दिला, ती रशियन किंवा कझाक खेडवळ माणसेच होती, तीही अर्धपोटीच. व्यंगचित्रातील अस्वलाच्या पोटात हे लोक मावत नाहीत. राष्ट्राला जनावर केले की ते चटकन ओळखू येते, ही ह्या कलेची सोय आहे. तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते.

आता मला थोडे कटू बोलायचे आहे. १९३९ साली लोच्या कुंचल्याने जे पाहिले, ते १९४१ नंतर ब्रिटिश वृत्तपत्रांच्या कुंचल्यांना दिसेनासे झाले. रशिया दोस्त राष्ट्र झाला. स्टॅलिन ‘अंकल ज्यो’ झाला, त्याच्या मिशांना प्रेमळ वळण आले, अस्वल एकाएकी राकट पण भल्या स्वभावाचे दिसू लागले. लोही त्या काळात रशियाचा मित्रच होता. हिटलरशी जीवनमरणाचा झगडा चालू होता आणि लाल सेना त्याचा सर्वांत मोठा भार वाहत होती, हे मी विसरत नाही. परंतु एप्रिल १९४३ मध्ये काटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी उघडी पडली. ती जर्मनांनी जगाला दाखविली, आणि अर्थातच स्वतःच्या प्रचारासाठी दाखविली. रशियाने उलट जर्मनांवर आरोप केला. निर्वासित पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तेव्हा स्टॅलिनने त्या सरकारशी संबंधच तोडले, आणि दोस्तांच्या राजधान्यांत पोलिश लोकांनाच जरा गप्प बसा असे सांगण्यात आले. १९४० च्या वसंतात सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या बायका आणि मुले वळिवड्याच्या बराकींत पत्राची वाट पाहत बसलेली असणार.

व्यंगचित्रकार हाही कोणत्या ना कोणत्या राष्ट्राचा नागरिक असतो. शत्रूंच्या युतीकडे पाहताना त्याची दृष्टी गरुडाची असते; आपल्या युतीकडे पाहताना त्याच डोळ्यांना झापड येते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन खुर्च्यांवर बसले आणि पूर्व पोलंडचा तो भाग रशियाकडेच राहील हे मान्य झाले. स्टॅलिनला आता खुर्ची होती. पोलंडला ह्याही वेळी नव्हती. त्या बैठकीवर १९३९ सारखे एखादे चित्र, तितकेच निर्दय, दोस्तांच्या एखाद्या मोठ्या दैनिकाने छापले असते तर? जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातील माणसे युद्ध जिंकलेल्या बाजूची होती आणि त्यांना परतायला घर उरले नव्हते. त्यांची गावे आता दुसऱ्याच देशात होती. १९४८ पर्यंत ती सारी पांगली. बहुसंख्य इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, थोडी पोलंडला.

त्या गुप्त परिशिष्टाचे अस्तित्व सोव्हिएत सरकार पन्नास वर्षे नाकारीत राहिले. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच लोकप्रतिनिधींच्या महासभेने ते मान्य करून त्याचा निषेध केला. एप्रिल १९९० मध्ये काटिनची जबाबदारी मान्य करण्यात आली. प्राध्यापकांनी ती बातमी कापून त्याच जाडजूड ग्रंथात, लोच्या चित्राच्या पानावर ठेवली होती.

काही वर्षांपूर्वी एका धर्मगुरुमित्राकडे कोल्हापूरला गेलो असता मी मुद्दाम वेळ काढला. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. ज्यांच्या नावांचा उच्चार मला जमला नाही अशी नावे, आणि जन्मगावे अशी की जी आज पोलंडच्या नकाशात नाहीत. मी तिथे एक छोटी प्रार्थना केली. २०१९ साली, वळिवड्यात लहानाचे मोठे झालेले काही वृद्ध पोलिश पाहुणे पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले. वॉर्सामध्येही कोल्हापूरचे एक स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळांना हा इतिहास पहिल्यांदा कळला.

छावणीच्या जागी आता गांधीनगर आहे, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध. पोलिश माणसे निघून गेली त्याच सुमारास फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित इकडे आले आणि त्याच बराकींत त्यांची सोय लावण्यात आली. आणखी एक नकाशा, आणखी एक रेषा. एका दुकानात मी मिस्सेच्या वस्त्रासाठी पांढरे कापड पाहत होतो. गल्ल्यावरचे वयस्क गृहस्थ सफाईदार कोल्हापुरी मराठी बोलत होते. जुन्या बराकीचा एखादा भाग अजून उभा आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘पोलंडवाल्यांचं विचारताय व्हय फादर? माझा जन्म त्यांच्याच खोलीतला. माझी आई सांगायची, आम्ही आलो तेव्हा भिंतीवर खिळ्यानं एक क्रूस कोरलेला होता, अन् खाली कुणाचं तरी नाव. वाचता येईना. पण तिनं कधी त्याच्यावर चुना मारू दिला नाही.’

मग त्यांनी कापड मोजायला घेतले.